चिठ्ठी आणि पोच

(पनवेल येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इथे येण्याआधी आज दुपारी मी शिरढोणला जाऊन आलो. गोवा महामार्गावरचे, आपल्या पनवेल तालुक्यातले हे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके तिथे जन्मले. फडक्यांचे नाव काढले की रामोशांची फौज, बंड आणि एडनचा तुरुंग आपल्या डोळ्यांपुढे येतो. ते सरकारी नोकर होते, ही गोष्ट मात्र सहसा आठवत नाही. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात ते कारकून होते. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही आणि आईची शेवटची भेट चुकली.

पण मी शिरढोणला गेलो तो दुसऱ्याच कारणासाठी. मे १८७९ मध्ये फडक्यांनी एक जाहीरनामा काढला. मुंबईच्या गव्हर्नराच्या डोक्यावर त्यांनी बक्षीस लावले, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्या जाहीरनाम्यात मागण्या काय होत्या, ते कमी वाचले जाते. सरकारने ताबडतोब मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढावीत आणि लोकांना रोजगार द्यावा. देशी व्यापाराला उत्तेजन द्यावे, कर कमी करावेत, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार उतरवावेत. पनवेलच्या या माणसाने साम्राज्याला आव्हान दिले तेव्हा त्याच्या यादीत सरकारी काम होते.

ही मागणी हवेतून आली नव्हती. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, पण जानेवारी १८७७ मध्ये सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापली. दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य आणि एक आणा. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काय केले? कामे सोडली. लाखाच्या घरात माणसे उपाशी पोटी कामावरून उठून गेली, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. पुढे हेच टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि फडक्यांनी ज्याच्या डोक्यावर बक्षीस लावले तो गव्हर्नरही हाच. त्या मजुरांना मताचा हक्क नव्हता, त्यांची विधानसभा नव्हती. सरकारने काम द्यावे आणि ते माणुसकीच्या मजुरीने द्यावे, हे म्हणायला मात्र ते मताच्या हक्कासाठी थांबले नाहीत.

आज आपल्याकडे मत आहे, विधानसभा आहे, आणि रोजगाराची घोषणा नसलेला जाहीरनामा एकाही पक्षाचा नाही. म्हणून विषय निवडताना मी ठरवले की सरकारने किती नोकऱ्या द्याव्यात हा हिशेब आज बाजूला ठेवायचा. माझा प्रश्न वेगळा आहे. सरकार काम देते ते कोणत्या हाताने देते? हातात पोच ठेवून देते, की चिठ्ठी बघून देते? माझ्या मते लोकशाहीची प्रकृती कशी आहे ते या एका गोष्टीवरून कळते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी मूळचा माण तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. तिच्याबरोबर आम्ही भावंडेही जायचो, कारण तिथे खायला सुकडी मिळायची. घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या थापताना तुटायच्या. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. एवढा मोठा दुष्काळ पडून भूकबळींची लाट आली नाही, त्याचे मोठे कारण ही कामे होती. जगभरच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घेतली आहे. माझ्यासाठी ती नोंद म्हणजे आईच्या हाताला पडलेले घट्टे आणि शनिवारी तिने मोजून घेतलेले पैसे.

पुढे १९८४ साली मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागलो. दोन वर्षांनी माझ्याकडे रोजगार हमीचे टेबल आले. गाव आणि कचेरी यांची नावे घेत नाही. त्या टेबलावर माझ्या हातून काय घडले, तेवढे आज पनवेलकरांना सांगतो.

त्याआधी तो कायदा काय होता ते दोन मिनिटांत सांगायला हवे, कारण समोर बसलेल्या तरुणांना तो महाराष्ट्राने जगाला दिलेला कायदा आहे हे बहुधा कुणी सांगितलेले नाही. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. ज्याला काम हवे आणि अंगमेहनतीची तयारी आहे, त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांची. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती उचलून धरली आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाच्या राज्यघटनेत कामाचा हक्क कलम ४१ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्राने तो प्रत्यक्ष कायद्यात आणला, दिल्लीच्या तब्बल २८ वर्षे आधी.

पैसा कुठून आला, हेही ऐकण्यासारखे आहे. तुमच्यापैकी जे पगारदार आहेत त्यांनी आज रात्री आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात व्यवसाय कराची एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमीसाठी. मुंबईच्या हपिसातला कारकून आणि माण-खटावच्या बांधावरची मजूर बाई यांना एका धाग्यात बांधणारा असा दुसरा कर मला माहीत नाही. शहराने गावाला दिलेली ती भीक नव्हती. गावात काम मिळाले नसते तर तीच माणसे शहराच्या फुटपाथवर आली असती, हे शहरालाही ठाऊक होते.

आता त्या कायद्याचा प्राण. मजुराने कामाची मागणी लेखी द्यायची. त्या अर्जाचे नाव नमुना ४. मागणी आल्यापासून १५ दिवसांच्या आत काम द्यायचे. नाही दिले तर बेकारभत्ता. सुरुवातीला तो दिवसाला एक रुपया होता. रक्कम क्षुल्लक, पण तो एक रुपया म्हणजे सरकारने आपली चूक कबूल केल्याची पावती. आणि हे १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून, आणि ती तारीख सिद्ध होते मजुराच्या हातातल्या पोचेने. पोच नाही तर तारीख नाही. तारीख नाही तर पंधरावा दिवस कधी उजाडतच नाही.

आमच्या वरिष्ठांना हे पक्के ठाऊक होते. मला तोंडी आदेश होता: अर्ज ठेवून घ्यायचे, पोच द्यायची नाही. एका फाल्गुनात तीस-पस्तीस बाया आल्या. अर्जावर अंगठे होते. मी अर्ज घेतले आणि सांगितले, पोच उद्या मिळेल. दुसऱ्या दिवशी सांगितले, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसऱ्या खेपेस त्या आल्या तेव्हा संख्या निम्मी झाली होती. बाकीच्या वीटभट्टीवर उचल घेऊन निघून गेल्या होत्या. चौथ्या खेपेस त्यांच्याबरोबर संघटनेचा एक कार्यकर्ता होता. त्याच्या हातात कायद्याची लहानशी पुस्तिका होती. बाया ओसरीवर बसल्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, तारीख घालून लिहून द्या, मग उठतो. संध्याकाळी मी शिक्का मारला. बाराव्या दिवशी नालाबंडिंगचे काम निघाले.

त्यातली एक म्हातारी पोचेचा कागद हातात धरून मला विचारत होती, "हे सरकारनं आपल्याला लिहून दिलंय न्हवं?" मी हो म्हणालो. तिने तो कागद घडी घालून कनवटीला लावला. निवडणुकीत गावचा पुढारी तिच्याकडे मते मागायला गेला आणि कामाला लावायची चिठ्ठी देतो म्हणाला. ती त्याला काय म्हणाली ते नंतर त्या कार्यकर्त्यानेच मला सांगितले. म्हणाली, "चिठ्ठी ऱ्हाऊ द्या, माझ्याकडं पोच हाय."

श्रोतेहो, भट्टीवर निघून गेलेल्या त्या पंधरा-सोळा बायांचे मी देणे लागतो. ते देणे मला फेडता आलेले नाही. त्यांच्याकडे कायदा होता, सरकार होते, निवडून दिलेला आमदार होता, आणि या सगळ्याच्या आणि त्यांच्या मध्ये शिक्का न मारणारा माझा हात होता. लोकशाही मरते ती रणगाड्यांनीच असे नाही. कधी ती टेबलावर पडून राहिलेल्या अर्जाखाली गुदमरते.

चिठ्ठी म्हणजे काय हे पनवेल-उरणच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. बंदरात लागायचे तर चिठ्ठी, कंपनीत ठेकेदाराकडे लागायचे तर चिठ्ठी. चिठ्ठीने मिळालेली नोकरी कधी आपली होत नाही. ज्याने दिली तो ती आठवण करून देत राहतो, आणि दर पाच वर्षांनी व्याजासह वसूल करतो. घरात चार मते असतील तर चारही जातात. चिठ्ठीचा माणूस सभेला ट्रकमधून जातो, मोर्चाला जातो, आणि जिथे प्रश्न विचारायला हवा तिथे मान खाली घालतो. त्याला दोष देऊ नका. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाकडून आपण ताठ मानेची अपेक्षा कशाच्या बळावर करतो?

अमेरिकेने याची मोठी किंमत मोजली. तिथे एकेकाळी निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटून टाकत असे. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी घातली. १८८३ मध्ये परीक्षेने आणि गुणवत्तेने नोकरभरती करण्याचा कायदा तिथे झाला.  पुढे महामंदीत रूझवेल्ट यांनी सरकारी कामांची प्रचंड योजना काढली. १९३५ ते १९४३ या काळात सुमारे ८५ लाख लोकांना तिच्यात काम मिळाले. रस्ते झाले, शाळा झाल्या, चित्रकारांना आणि लेखकांनासुद्धा काम मिळाले. पण १९३८ च्या निवडणुकांत या मजुरांना मतांसाठी राबवल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९३९ मध्ये तिथल्या संसदेने हॅच कायदा करून मदतीच्या कामाचा राजकीय वापर गुन्हा ठरवला. योजना चांगली होती, तरीही तिच्यात शिरलेली चिठ्ठी त्यांनी कायद्याने बाहेर काढली. त्याच दशकात जर्मनीत ६० लाख बेकार झाले होते, आणि त्यांच्या हताशेवर कोण स्वार झाले ते आपण जाणतो.

सरकारी नोकऱ्या कुणाच्या हाती जातात याचा विचार आपल्याकडेही जुना आहे. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा कोल्हापूर दरबारच्या ७१ प्रशासकीय जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. सरकारी नोकरी हा केवळ पगाराचा प्रश्न नाही, कचेरीत टेबलापलीकडे कोण बसते त्यावर टेबलाच्या अलीकडच्या माणसाचे नशीब ठरते, हे महाराजांनी ओळखले होते. मी ३५ वर्षे टेबलापलीकडे बसलो. ते खरे आहे, हे मी सांगतो.

आता पनवेलकडे येऊ. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी जायला लागल्या. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी, शेकडो वर्षांचा रोजगार नकाशावरून पुसला गेला. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी या लोकांना उभे केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. जमिनीच्या बदल्यात केवळ पैसा नको, उद्या उभ्या राहणाऱ्या शहरात हक्काचा वाटा हवा, ही ती मागणी. मी तिला पोचच म्हणतो. ती पोच पाच माणसांच्या रक्ताने लिहिली गेली.

त्याच काळात या भागाने सार्वजनिक क्षेत्राची नोकरी कशी असते तेही पाहिले. रसायनीचा हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना ज्यांना आठवतो असे लोक या सभागृहात आहेत. वसाहत होती, मुलांना शाळा होती, कामगाराला युनियन होती. त्या नोकरीने आगरी, कोळी, कातकरी घरांतल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा पगाराची स्लिप आणि निवृत्तीची तारीख दिली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांना लागणारे रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. कारखाना तोट्यात होता, हे मी नाकारत नाही. पण तो बंद झाला तेव्हा यंत्रांबरोबर आणखी काहीतरी भंगारात गेले. हक्काने नोकरीत असलेला आणि म्हणून कुणालाही प्रश्न विचारू शकणारा माणूस या भागात त्या दिवशी आणखी विरळ झाला.

आता नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. दहा गावठाणे उठवून तो बांधला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला विमाने उडू लागली. त्यात स्थानिकांना काम मिळेल, मिळते आहे. माझी मागणी एवढीच की ते कसे मिळते हे उघड असावे. किती जागा, कुणासाठी, कोणती पात्रता, किती अर्ज आले, कोणाची निवड झाली, हे सगळे ग्रामपंचायतीच्या आणि महापालिकेच्या फलकावर लागावे. उघड्या यादीपुढे चिठ्ठी टिकत नाही.

राज्याच्या भरतीबद्दल बोलताना मात्र माझा आवाज चढतो, त्याबद्दल क्षमा करा. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांवर. खुल्या प्रवर्गाला शुल्क १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९००. २०२४ मध्ये पोलिसांच्या १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. मुले भर पावसाळ्यात मैदानांवर धावली, आणि त्या धावण्यात नवी मुंबईच्या भरतीत एका मुलाचा जीव गेला. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली, कारण पेपर फोडण्याचा कट उघडकीस आला. शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवावे लागले. पेपर फुटतो तेव्हा चिठ्ठीच परीक्षेच्या वेषात परत आलेली असते. गावातली मुलगी पाच वर्षे अभ्यासिकेत बसते, बापाने काढलेले कर्ज मोजते, आणि मग तिला कळते की कुणीतरी तिची जागा आधीच विकली होती. तिचा विश्वास एका परीक्षेवरून उडत नाही. निवडणुकीवरून उडतो, कोर्टावरून उडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेने मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. मुले रस्त्यावर आली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द झाला. ते चांगले झाले. परंतु कंत्राटी पद्धत त्याआधीही होती आणि आजही आहे. २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. सहा महिने सरकारी कचेरीत काम करायचे, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन घ्यायचे. मुदत संपली तेव्हा मुले विचारू लागली, आता पुढे काय? सहा महिन्यांची आशा हा रोजगार नव्हे. मुदत वाढवून मागायला जेव्हा तरुण नेत्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो पुन्हा चिठ्ठीच्या रांगेत लागलेला असतो.

आणि एक शब्द, जो माझ्या खात्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरला: मानधन. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे. आशा ताईंनाही मानधनच. ज्या बाईकडे गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन, प्रत्येक गरोदर बाईची तारीख आणि निवडणुकीच्या याद्यांचे कामही असते, तिला आपण मान देतो आणि वेतन नाकारतो. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत अंगणवाडीच्या बाया ५२ दिवस संपावर होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या राबणाऱ्या कर्मचारी आहेत. रोजगार हमीचा कागद सांभाळणारा ग्रामरोजगार सेवक, त्याच्या स्वतःच्या रोजगाराची हमी मात्र कुणाकडे नाही. शासन जर आपल्याच माणसाला हक्काचा कर्मचारी मानत नसेल, तर तो माणूस समोरच्या मजुराला हक्काची पोच कोणत्या धीराने देईल?

काही मित्र म्हणतात, सरकार म्हणजे काय नोकऱ्यांचा कारखाना आहे का? उद्योग वाढू द्या, नोकऱ्या आपोआप येतील. उद्योग वाढावेत, मलाही वाटते. पण शाळेत शिक्षक नाही, दवाखान्यात परिचारिका नाही, तलाठ्याकडे चार-चार सजे आहेत. ही कामे कोणता उद्योग करणार? हे काम शिल्लक आहे, ते करायला माणसे तयार आहेत, आणि मध्ये रिकामी खुर्ची आहे. रिकामी खुर्ची स्वस्त पडते हा गैरसमज आहे. तिची किंमत रांगेत उभा असलेला माणूस मोजतो.

कोकणात लोक मला विचारतात, रोजगार हमी म्हणजे खडी फोडणेच ना? १९९० च्या सुमारास हीच योजना फळबागांना जोडली गेली, आणि आपल्या डोंगरउतारांवर आंबा-काजूची लक्षावधी कलमे उभी राहिली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर, सरकारच्या मजुरीने. आज मोसमात ज्या बागांतून पेट्या निघतात त्यांतल्या कित्येक त्या हजेरीपटावर उगवल्या आहेत. काम दिले आणि त्या कामाने पुढच्या पिढीचे उत्पन्न उभे केले, असे उदाहरण आपल्याच मातीत आहे.

२००५ मध्ये देशाने महाराष्ट्राचे पाहून कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्राने आपला कायदा ठेवला. १०० दिवसांपुढचे काम राज्य आपल्या पैशाने देत आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १२५ झाले, हे स्वागतार्ह आहे. पण बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, पेरणी-काढणीच्या काळात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील, आणि प्रत्येक राज्याला किती पैसा हे केंद्र आधीच ठरवणार आहे. माझा आक्षेप शेवटच्या गोष्टीला आहे. जुन्या कायद्यात मजुराची मागणी आधी होती, पैसा तिच्यामागून चालत होता. आता पैसा आधी ठरेल आणि मागणीने त्यात मावायचे. पैसा संपला की कचेरीतल्या कारकुनाला पुन्हा तोच तोंडी आदेश मिळेल, जो मला मिळाला होता. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे. मला तो आदेश आताच ऐकू येतो.

पनवेल झपाट्याने शहर झाले. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली आणि आजूबाजूची गावे तिच्यात आली. ज्या दिवशी गाव महापालिकेत गेले त्या दिवशी ग्रामीण रोजगाराचा कायदा त्या गावातून उठला. शेत आधीच गेले होते, आता कामाचा हक्कही गेला. शहरातल्या गरिबाला काम मागायचा कायदा महाराष्ट्राने अजून केलेला नाही. पागेंच्या राज्याने तो करायला हवा, आणि त्यासाठी पनवेलइतके योग्य ठिकाण दुसरे दिसत नाही.

हद्दीबाहेर, माथेरानच्या पायथ्याला, कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. भात झोडून झाले की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा सुटते, आणि मतदार यादीतले नाव पडताळायला कुणी आले की घराला कुलूप असते. दिवाळीनंतर वाडीतच काम मिळाले तर ही कुटुंबे जाणार नाहीत. ग्रामीण रोजगाराचा कायदा तिथे लागू आहे. हजेरी आता मोबाइलवर फोटो काढून होते, दिवसातून दोनदा, आणि वाडीत रेंज नसते, ही अडचण आहे. पण त्याआधीची अडचण फार साधी आहे. लेखी मागणी कुणी भरून देत नाही, आणि भरली तर पोच मिळत नाही.

ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते गुरुजी आयुष्यभर अशा वाड्यांत मुले शाळेत आणायला हिंडले. म्हणून तुम्हाला एक काम सांगून थांबतो. तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, महाविद्यालयाची मुले आहेत. महिन्यातला एक दिवस द्या. चौघाचौघांनी एक वाडी घ्या, जॉबकार्ड आहेत का पाहा, मागणीचे अर्ज भरून द्या, आणि त्या माणसांबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन तारीख घातलेली पोच हातात पडेपर्यंत तिथे बसा. घोषणा देऊ नका, भांडू नका, उठूही नका. पंधराव्या दिवशी पुन्हा जा.

मागणी अर्जाच्या कोऱ्या प्रती आयोजकांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.